शाळेच्या स्काऊट पथकाचा इतिहास आणि वाढ: दप्तरापासून संघापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेचा अमृतमहोत्सव जवळ आलाय. व्हरांड्यातल्या जुन्या फळ्यावर 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स पथक, स्थापना १९४८' असं रंगवलेलं आहे. आज पथकात चौदा मुलं आहेत. स्मरणिकेसाठी पथकाचा इतिहास लिहायचाय आणि पथकही पुन्हा वाढवायचंय. सुरुवात कुठून करावी?

आधी फळ्याचं बघू, कारण त्यावरच एक चूक आहे. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी अस्तित्वात आली. मुलींची गर्ल गाईड्स संघटना तिच्यात १५ ऑगस्ट १९५१ रोजी आली. त्यामुळे १९४८ साली या नावाचं पथक असूच शकत नाही. एक तर साल चुकलंय किंवा नाव नंतर बदलून रंगवलंय. बहुतेक वेळा दुसरी गोष्ट खरी निघते. पथक जुनंच असतं, पुढे कधीतरी फळा नव्याने रंगवताना त्या वेळचं नाव घातलं जातं.

म्हणून खरा प्रश्न असा की १९४८ साली ते पथक कोणत्या संस्थेचं होतं. भारतात स्काऊटिंग एकाच दारातून आलं नाही. स्काऊटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीस मुलांचं पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं. १९०९ मध्ये कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळुरूला पथक काढलं, पण ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होतं. भारतीय मुलांना दार बंद होतं, म्हणून १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासला इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशन काढली. उत्तरेत श्रीराम बाजपेयी, हृदयनाथ कुंझरू आणि मदनमोहन मालवीय यांनी सेवा समिती स्काऊट संघटना उभी केली. १९२१ मध्ये बेझंट यांची संघटना बेडन-पॉवेलप्रणीत बॉय स्काऊट्स असोसिएशनमध्ये मिळाली, सेवा समिती मात्र वेगळीच राहिली. पुढे १९३८ पासून हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन हे नाव दिसायला लागतं. तुमचं पथक खरंच १९४८ चं असेल, तर ते बॉय स्काऊट्स असोसिएशनचं होतं की हिंदुस्थान स्काऊटचं, हे शोधायला हवं. ज्या शाळा राष्ट्रीय चळवळीच्या माणसांनी काढल्या, तिथे दुसरी शक्यता आवर्जून तपासा.

कागद कुठे मिळतील हे शाळेच्या जिल्ह्यावर ठरतं. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चं. त्याआधी पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण मुंबई राज्यात होते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, तर विदर्भाचा कारभार आधी मध्य प्रांताकडे आणि नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाकडे होता. त्यामुळे नांदेडच्या शाळेचा १९५२ चा नोंदणी कागद मुंबईत शोधून काही उपयोग नाही. संस्थानी मुलखातल्या शाळांच्या नोंदी बऱ्याचदा संस्थानाच्या शिक्षण खात्याच्या दप्तरात असतात.

शाळेतच काय सापडतं ते आधी काढा. जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही), कॅशबुक, डेड स्टॉक रजिस्टर (शाळेच्या साहित्याची नोंदवही), शाळेचे वार्षिक अंक, शिक्षकांची सेवापुस्तकं. यातलं डेड स्टॉक रजिस्टर सगळ्यात खरं बोलतं. 'तंबू २, काठ्या २४, बिगुल १' अशी नोंद आणि तिची तारीख सापडली, की पथक त्या तारखेला कामाला लागलेलं होतं हे पक्कं. काठ्या चोवीस म्हणजे मुलंही तितक्याच आसपास असणार. कॅशबुकात नोंदणी फी कोणाच्या नावे भरली हे सापडलं, तर संस्थेचं नावही हाती लागतं. सेवापुस्तकात स्काऊट मास्टरच्या (पथक चालवणाऱ्या शिक्षकाच्या) प्रशिक्षणाच्या रजेची नोंद असते, तीही बघा.

फोटोंवर तारीख नसली तरी ते बोलतात. बिल्ल्यावर अशोकचक्र दिसलं तर फोटो १९५० नंतरचा. रुंद कडेची टोपी आणि खाकी गणवेश असेल तर तो जुन्या काळातला. करडा शर्ट, गडद निळी पँट आणि निळी बेरे कॅप असेल तर अलीकडचा. 'राष्ट्रपती स्काऊट' (स्काऊटचा सर्वोच्च दर्जा) हा शब्द प्रजासत्ताकाआधी असू शकत नाही. त्याआधीच्या त्या दर्जाला 'किंग्ज स्काऊट' म्हणत. माजी विद्यार्थ्याने '१९४६ साली मी राष्ट्रपती स्काऊट झालो' असं सांगितलं, तर ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या आठवणीने साल किंवा नाव यातलं काहीतरी अदलाबदल केलेलं असतं.

माजी विद्यार्थ्यांशी बोलताना साल विचारूच नका, साल कोणालाच नीट आठवत नाही. विचारा, 'तेव्हा तुम्ही कितवीत होता? वर्गशिक्षक कोण? शिबिराला कुठे गेलात आणि कशाने गेलात? तुमच्या संघाचं नाव काय होतं?' (संघ म्हणजे पथकातला सहा-आठ मुलांचा गट.) इयत्ता कळली की जनरल रजिस्टरवरून साल आपोआप निघतं. एका माणसाचं सांगणं 'आठवण' म्हणून छापा. दोन वेगळ्या माणसांनी, किंवा एका माणसाने आणि एका कागदाने, तेच सांगितलं तरच 'घटना' म्हणून छापा. जुने फोटो लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, डावीकडून उजवीकडे नावं लिहा. स्कॅन ६०० डीपीआयवर करा, म्हणजे बिल्ला मोठा करून बघता येतो.

आणि इतिहास लिहिताना पाहुण्यांची, ढालींची आणि मेळाव्यांची यादी हा कणा धरू नका. कणा धरा संघनायकांच्या यादीचा: कोणत्या वर्षी किती संघ, त्यांची नावं काय, नायक कोण. ही यादी लावली की पथक कधी जिवंत होतं आणि कधी नुसतं कागदावर होतं ते एका नजरेत दिसतं. सलग तीन वर्षं संघनायकांची नावंच सापडत नसतील, तर त्या वर्षी पथक १५ ऑगस्टच्या संचलनापुरतं उभं राहत होतं असं बेलाशक समजा.

आता वाढीकडे. स्काऊटिंगमधलं सगळ्यात मोलाचं असेल तर ती संघपद्धती. ब्राउनसीवरच ती होती: वीस मुलांचे चार संघ, करल्यू, रेव्हन, वुल्फ आणि बुल, प्रत्येकाला आपला नायक. आपल्याकडे संघ सहा ते आठ मुलांचा आणि पथक जास्तीत जास्त बत्तीस मुलांचं. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. पंधरा वर्षांचा मुलगा सात मुलांना नावानिशी ओळखू शकतो आणि त्यांच्याकडून काम करून घेऊ शकतो, बारा मुलांना नाही. तिथे तो हवालदार होतो आणि आरडाओरडा सुरू होतो.

शाळांमध्ये पथक बसतं ते बहुतेक एकाच चुकीने, आणि ती म्हणजे वर्गवार संघ. पाचवीचा एक, सहावीचा एक, सातवीचा एक. शाळेच्या वेळापत्रकाला ते सोयीचं पडतं, हजेरी घेता येते. पण पाचवीच्या संघात शिकवणारं कोणी नसतं, नववीच्या संघात शिकणारं कोणी नसतं. मग सगळं शिकवायला स्काऊट मास्टरच लागतो, आणि तो रजेवर गेला की पथक थांबतं. संघ उभा कापलेला हवा: नववीचा नायक, आठवीचा उपनायक, सातवीचे दोन, सहावीचे दोन, पाचवीचा एखादा. मग नायक दहावीत गेला तरी उपनायक तयार असतो. शाळेत याचा एकच त्रास होतो, तासिका जुळत नाहीत. म्हणून बैठक तासिकेत न घेता शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर घ्या.

तुमच्या चौदा मुलांचे सात-सात असे दोन संघ करा आणि पहिल्या सत्रात एकही नवीन मुलगा घेऊ नका. हे ऐकायला उलटं वाटेल, कारण मुख्याध्यापकांना संख्या हवी असते. पण नवीन मुलं आली आणि त्यांना शिकवणारे नायक नसले, तर दिवाळीपर्यंत निम्मी गळतात आणि 'स्काऊटमध्ये नुसतं उभं करतात' ही बोलवा पसरते. ती पुसायला दोन वर्षं लागतात. त्या सत्रात स्काऊट मास्टरने या चौदातलीच आठ मुलं वेगळी घ्यावीत: दोन नायक, दोन उपनायक आणि पुढे नायक होऊ शकतील असे चार. त्यांचाच एक संघ समजून आपण त्यांचा नायक व्हावं. सहा आठवडे, आठवड्याला एक तास. गाठी, प्रथमोपचार, खेळ घेणं, हजेरी आणि लॉगबुक लिहिणं, एक दिवसाची हाईक (पायी सहल) आखणं. पुढच्या शनिवारी हीच मुलं आपापल्या संघाला तेच शिकवतात. पहिल्यांदा ती चुकतील. तोंड बंद ठेवून बाजूला उभं राहणं हे स्काऊट मास्टरचं त्या दिवसाचं सगळ्यात अवघड काम.

नायक निवडताना पहिला नंबर किंवा वर्गाचा मॉनिटर आपोआप नायक करू नका. हाईकवर लहान मुलाची बाटली न सांगता भरून देणारा मुलगा शोधा. तो गणितात कच्चा असला तरी चालेल.

दुसऱ्या सत्रात प्रत्येक संघात एकेकच मुलगा घ्या, म्हणजे सोळा. दुसऱ्या वर्षी तिसरा संघ करून चोवीस, तिसऱ्या वर्षी चौथा संघ करून बत्तीस. नवा संघ करताना सगळ्यांची पत्त्यांसारखी पिसणी करू नका. जुन्या एका संघाचा उपनायक आणि त्याच्यासोबत दोन अनुभवी मुलं काढा, त्यांच्याभोवती पाच नवीन द्या. जुन्या संघांची नावं, झेंडा आणि आरोळी तशीच राहू द्या. 'मोर' संघात काका होते आणि आता पुतण्या आहे, हे शाळेत फार मोठं आकर्षण असतं, आणि इतिहासाच्या कामातून ही नावं आयती मिळतात. बत्तीसच्या पुढे जाऊ नका. मागणी असेल तर वेगळ्या स्काऊट मास्टरसह दुसरं पथक नोंदवा. त्याहून चांगलं म्हणजे प्राथमिक विभागात कब पथक (लहान मुलांचं पथक) सुरू करा. कबमधून आलेल्या मुलाला आठ-दहा जणांत कसं राहायचं हे आधीच माहीत असतं.

नव्वद मिनिटांच्या बैठकीचा साचा असा ठेवा: झेंडा, प्रार्थना आणि तपासणी १५ मिनिटं, दमवणारा खेळ १५, संघांचा आपापल्या कोपऱ्यातला वेळ ३०, सगळ्या पथकाचं एक कौशल्य किंवा संघांची स्पर्धा २०, समारोप १०. त्यातली मधली तीस मिनिटं कधीही कापू नका. उशीर झाला तर खेळ कापा. बऱ्याच शाळांत उलट होतं. तपासणी आणि संचलन तासभर चालतं आणि संघाचा वेळ 'पुढच्या वेळी' जातो. मग मुलांना स्काऊट आणि एनसीसी यातला फरकच कळत नाही.

कौशल्य शिकवताना साहित्य माणशी हवं. प्रत्येक मुलाला स्वतःची तीन मीटर दोरी, साधारण सहा मिलिमीटर जाडीची, टोकं सुतळीने बांधलेली. एका दोरीभोवती आठ मुलं बसली तर दोघं शिकतात, सहा बघतात. काटकोनात दोन काठ्या बांधायची चौकोनी बांधणी घ्या. उभ्या काठीवर, आडव्या काठीच्या खाली, क्लोव्ह हिच (काठीला दोरी पक्की करायची गाठ). मग दोन्ही काठ्यांभोवती तीन पूर्ण फेरे, मग काठ्यांच्या मधून दोन किंवा तीन आवळफेरे, आणि शेवट आडव्या काठीवर पुन्हा क्लोव्ह हिच. शिबिरात गेट पडतं किंवा वाकतं ते जवळजवळ नेहमी आवळफेरे वगळल्याने किंवा पहिले फेरे सैल राहिल्याने. फेरे वाढवून ती कमतरता भरून येत नाही. प्रत्येक फेऱ्यानंतर दोरी अंगाच्या वजनाने ओढायला शिकवा.

झेंड्याचंही तसंच. पाहुण्यांसमोर झेंडा उघडला नाही की दोष नशिबाला दिला जातो, पण कारण ठरलेलं असतं. झेंड्याची लांबीच्या दिशेने दोनदा घडी घालतात, मोकळ्या टोकाकडून दोरीच्या बाजूकडे गुंडाळतात, त्यावर दोरीचे दोन-तीन फेरे देतात आणि शेवटी दोरीचा मुडपलेला फासा फेऱ्यांखाली खोचतात. तिथे फाशाऐवजी दोरी आरपार गेली की गाठ बसते आणि ओढल्यावर ती अधिकच आवळते. वर चढवण्याआधी कमरेच्या उंचीवर एकदा उघडून बघणं हा नियमच करा.

स्कार्फची बाजू ७० ते ८० सेंटिमीटर ठेवा. शिवणारे कापड वाचवायला तो लहान करतात. मग तो गळ्यात छान दिसतो, पण हाताची झोळी बांधायला पुरत नाही.

महिन्यातून एकदा कोर्ट ऑफ ऑनर घ्या. संघनायक बसतील, इतिवृत्त त्यांच्यापैकीच एक लिहील, स्काऊट मास्टर सल्ला देईल. हाईक कुठे, पैसे कशावर, नवीन कोणाला घ्यायचं, हे तिथे ठरू द्या. एकदा ठरलेलं तुम्ही बाहेर येऊन बदललंत तर पुढच्या महिन्यात मुलं फक्त मान हलवायला येतील.

पायऱ्यांचं गणित पालकांना जूनमध्येच समजावून सांगा. प्रवेश आणि दीक्षाविधी, मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक टप्प्याला किमान कालावधी आहे, तो पैशाने किंवा ओळखीने आटत नाही. पाचवीत आलेला मुलगा सावकाश चालत नववीत राज्य पुरस्कारापर्यंत जातो. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी आठवीच्या शेवटी पाठवलेला मुलगा जात नाही. मग एका महिन्यात सगळी लॉगबुकं 'पूर्ण' होतात: एकाच शाईत, एकाच अक्षरात, पावसाळ्याच्या तारखांना शेकोट्या. परीक्षक ते पान उघडताच ओळखतो आणि त्यात खरं काम केलेली मुलंही भरडली जातात. म्हणून लॉगबुक त्याच दिवशी, मैदानावरच लिहायचं. चांगलं पान पाच-सात ओळींचं असतं: तारीख, हवा, संघातले हजर-गैरहजर, काय केलं, कोणी शिकवलं, काय बिघडलं. 'पाऊस. हजर ६. हाईक देवळापर्यंतच. काडेपेटी भिजली, चूल पेटली नाही, पोहे कोरडेच खाल्ले. पुढच्या वेळी काडेपेटी प्लास्टिकच्या डबीत.' पन्नास वर्षांनी स्मरणिका लिहिणाऱ्याला हे पान तीन ढालींपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

पैशासाठी खरी कमाई हा उपक्रम मनापासून राबवा. पालकांकडून वर्गणी गोळा करून तिला खरी कमाई म्हणू नका. संघाने वस्तू बनवावी किंवा सेवा द्यावी, हिशेब स्वतःच्या वहीत लिहावा, आणि त्या पैशातून संघाने स्वतःची वस्तू घ्यावी. पातेलं का होईना, त्यावर संघाचं नाव असू द्या. पथकाचे पैसे शाळेच्या खात्यातून पावतीनेच जावेत, शिक्षकाच्या खिशातून किंवा वैयक्तिक खात्यातून नाही.

शिबिराला लेखी पालक संमती, दोन प्रौढ माणसं, प्रथमोपचार पेटी आणि जवळच्या दवाखान्याचा पत्ता आधीच ठरलेला हवा. नदी, तलाव, विहीर असलेल्या जागी मुलांना पाण्यात उतरू द्यायचंच नाही. मुलींचं गाईड पथक वेगळं नोंदवा, त्यावर गाईड कॅप्टन शिक्षिका हवी. स्काऊट मास्टरनेच दोन्ही सांभाळण्याचा प्रयोग करू नका.

पथक मोडतं ते बहुतेक स्काऊट मास्टर बदलला की. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदलीने, खाजगी शाळेत निवृत्तीने. म्हणून पहिल्या वर्षीच एका तरुण शिक्षकाला बेसिक कोर्सला पाठवा आणि सहायक म्हणून नोंदवा. निवृत्तीला सहा महिने उरल्यावर माणूस शोधायला गेलं की कोणी मिळत नाही. वार्षिक नोंदणी आणि गणनापत्रक दरवर्षी भरा. एक वर्ष खंड पडला की पुढे मुलांच्या पुरस्काराच्या अर्जात तेच वर्ष आडवं येतं.

हस्तांतराची यादी लेखी करा: चालू वर्षाची नोंदणी पावती, मुलांची प्रगती नोंदवही, कोर्ट ऑफ ऑनरची इतिवृत्तं, संघांची लॉगबुकं, साहित्याची नोंदवही, तंबूंची स्थिती, थकलेले हिशेब. तंबू ओला घडी करून ठेवलेला नाही ना, हे उघडून बघा. बुरशी लागलेला तंबू पुढच्या पावसात गळतोच. साहित्याच्या कपाटाला दोन किल्ल्या करा. एक मुख्याध्यापकांकडे, दुसरी साहित्य सांभाळणाऱ्या मुलाकडे, त्याच्या सहीनिशी.